डिजिटल लसीकरण प्रमाणपत्र : विविध देशांतील अंमलबजावणीची चिकित्सा

सारांश : कोविड-१९ च्या साथीत २०२१ पासून अनेक देशांनी डिजिटल लसीकरण प्रमाणपत्राची व्यवस्था उभारली. प्रस्तुत लेखात युरोपीय संघ, इस्रायल, फ्रान्स, डेन्मार्क व भारत येथील व्यवस्थांचा तुलनात्मक विचार केला असून महाराष्ट्रातील अनुभवाची स्वतंत्र नोंद घेतली आहे. दाखला अस्सल आहे किंवा नाही हे तपासण्याचा तांत्रिक प्रश्न या देशांनी बऱ्याच अंशी सोडविला. मात्र मूळ नोंदीची सत्यता, लसींची परस्पर मान्यता, दाखल्याच्या सक्तीला असलेला कायदेशीर आधार आणि व्यवस्थेची कालमर्यादा या चार बाबतींत त्यांच्यात मोठी तफावत आढळते. या व्यवस्थांचे मूल्यमापन याच चार कसोट्यांवर झाले पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : लसीकरण प्रमाणपत्र, सत्यापन, कोविन, परस्पर मान्यता, डिजिटल दरी, प्रमाणबद्धता.

प्रस्तावना :

लस टोचून घेतल्याचा दाखला प्रवाशाने जवळ बाळगावा, ही कल्पना जुनी आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांकडून पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला मागितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये या दाखल्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी तो वैध होतो. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षांची होती. जुलै २०१६ पासून तो आजीवन ग्राह्य धरला जातो. त्यावर वैद्यकाची सही व लसीकरण केंद्राचा शिक्का असतो. त्याची नक्कल करणे अवघड नाही, हा त्याचा उघड दोष होय. परंतु या दाखल्याचा रोग एक, हेतू एक आणि नमुना सर्व देशांना मान्य असलेला एक. सीमा ओलांडल्यावर त्याचे काम संपते. उपाहारगृहात, रेल्वेत किंवा महाविद्यालयाच्या दारात तो कोणी विचारीत नाही.

कोविड-१९ च्या काळात ही मर्यादा राहिली नाही. सीमेवरचा दाखला दैनंदिन जीवनाचा परवाना झाला. हा बदल कसा घडला व कोणत्या देशाने तो किती विचारपूर्वक हाताळला, हे पाहणे आवश्यक आहे.

१. सत्यापनाची तांत्रिक रचना

युरोपीय संघाने १४ जून २०२१ रोजी विनियम २०२१/९५३ संमत केला व १ जुलै २०२१ पासून तो लागू झाला. त्यानुसार लसीकरण, चाचणी आणि आजारातून बरे होणे अशा तीन प्रकारच्या प्रमाणपत्रांना समान स्थान देण्यात आले. प्रमाणपत्र विनामूल्य होते व ते कागदावरही मिळण्याची तरतूद होती. दाखला देणारी संस्था आपल्या गुप्त किल्लीने क्यूआर कोडमधील मजकुरावर डिजिटल स्वाक्षरी करीत असे. ती स्वाक्षरी तपासण्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक किल्ल्या एका सामाईक प्रवेशद्वारामार्फत सर्व सदस्य देशांना पुरविल्या जात. नागरिकाची वैयक्तिक माहिती या प्रवेशद्वारातून जात नसे. परिणामी एखाद्या प्रवाशाचा दाखला लिस्बनच्या विमानतळावर तपासला गेला, तरी तो देणाऱ्या जर्मन संस्थेला त्याची खबर लागण्याचे कारण नव्हते. गोपनीयतेचे रक्षण येथे आश्वासनावर सोडलेले नसून रचनेतच अंतर्भूत होते. ही या व्यवस्थेची सर्वांत उल्लेखनीय बाजू होय.

भारताची तांत्रिक कामगिरीही उपेक्षणीय नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण मोहीम सुरू झाली आणि तिच्या नोंदणीपासून प्रमाणपत्रापर्यंतचा भार कोविन या एकाच प्रणालीने उचलला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी व १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला गेला. प्रमाणपत्रासाठी डिव्होक ही मुक्त स्रोत प्रणाली वापरण्यात आली. तिच्या क्यूआर कोडवरही डिजिटल स्वाक्षरी असे. श्रीलंका व फिलिपिन्स या देशांनीही ती उपयोगात आणली. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला काही मिनिटांत पडताळता येईल असा दाखला देणे, ही सार्वजनिक प्रशासनाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी घटना आहे. तथापि तंत्राच्या या यशामुळे इतर प्रश्न झाकले गेले.

२. स्वाक्षरीची सत्यता आणि नोंदीची सत्यता

डिजिटल स्वाक्षरीने सिद्ध होते ते एवढेच की, दाखला अधिकृत प्रणालीतून निघाला असून त्यातील मजकुरात नंतर फेरफार झालेला नाही. त्या व्यक्तीच्या दंडात खरोखर लस गेली काय, याचे उत्तर स्वाक्षरी देऊ शकत नाही. या भेदाचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. कांदिवली येथील एका गृहसंकुलात ३० मे २०२१ रोजी झालेल्या लसीकरण शिबिरात सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे भरून लस घेतली. पुढे त्यांना मिळालेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली व संशय बळावला. शहरातील अशा बनावट शिबिरांत दोन हजारांहून अधिक लोक फसविले गेल्याचे राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयास सांगितले.

येथे दाखल्याची नक्कल झाली नव्हती. खोटी होती ती नोंद. मग त्या नोंदीवर कितीही अभेद्य स्वाक्षरी केली तरी उपयोग काय? पिवळ्या दाखल्यावरील वैद्यकाची सही बनावट असू शकते. परंतु सही करणारा विशिष्ट मनुष्य उत्तरदायी असतो. डिजिटल व्यवस्थेत विश्वासाचे ठिकाण दाखल्याकडून नोंद करणाऱ्या केंद्राकडे सरकते. त्यामुळे केंद्रांची तपासणी, वापरलेल्या कुप्यांचा हिशोब आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोपी वाट यांना स्वाक्षरीपेक्षा अधिक महत्त्व येते.

३. परस्पर मान्यतेचे राजकारण

युरोपीय विनियमानुसार युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेली लस स्वीकारणे सदस्य देशांवर बंधनकारक होते. जागतिक आरोग्य संघटनेने आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलेल्या अन्य लसी स्वीकाराव्यात की नाही, हे मात्र प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड आणि युरोपात मान्य असलेली अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस यांचे मूळ सूत्र एकच. कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच मिळाली होती. तरीही युरोपीय यादीत तिचे नाव नसल्याने ती घेतलेल्या प्रवाशांना एकेका देशाच्या स्वतंत्र निर्णयाची वाट पाहावी लागली. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांना कोव्हॅक्स योजनेतून हीच लस पुरविण्यात आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विसंगतीचे गांभीर्य ध्यानात येते.

ब्रिटनच्या बाबतीत वादाचे स्वरूप निराळे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशाने कोविशील्डला मान्यता दिली, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य देशांच्या यादीत घेतले नाही. भारतीय प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारखेऐवजी वय छापलेले असे, हा चर्चेतील एक मुद्दा होता; पुढे परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय कोविनवर झाली. ४ ऑक्टोबर २०२१ पासून भारताने ब्रिटिश प्रवाशांवर दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली. त्यानंतर ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून कोविशील्ड घेतलेल्या भारतीय प्रवाशांना विलगीकरणातून सूट दिली आणि भारतानेही आपली अट मागे घेतली. विषाणूच्या वर्तनात या आठवडाभरात काही बदल झालेला नव्हता. बदलले ते राजनैतिक गणित.

या संघर्षाची झळ विद्यार्थ्यांना बसली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. तोपर्यंत ती घेऊन अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांना तेथील अनेक विद्यापीठांनी नव्याने लस घेण्यास सांगितले. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवड्यांचे असताना परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांना जून २०२१ मध्ये २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा द्यावी लागली. वैद्यकीय निकषाने ठरलेले अंतर दाखल्याच्या गरजेपुढे असे नमले.

४. सक्तीचा आधार आणि तिची मर्यादा

इस्रायलने २१ फेब्रुवारी २०२१ रोजी हरित पास अमलात आणला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची वैधता वर्धक मात्रेशी जोडण्यात आली, त्यामुळे दोन मात्रा घेतलेले अनेक नागरिक रातोरात 'अपूर्ण' ठरले. डेन्मार्कने साथीचा जोर पाहून सप्टेंबर २०२१ मध्ये पास रद्द केला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणला व १ फेब्रुवारी २०२२ पासून पुन्हा मागे घेतला. फ्रान्समध्ये ९ ऑगस्ट २०२१ पासून उपाहारगृहे व दूरच्या रेल्वेप्रवासासाठी पास आवश्यक झाला. पण त्यापूर्वी संसदेने कायदा केला होता आणि ५ ऑगस्ट रोजी घटना परिषदेने तो तपासला होता. तेथे रस्त्यावर मोठी निदर्शने झाली हे खरे. परंतु सक्ती कोणी, कोणत्या अधिकाराने व कोणत्या मुदतीसाठी केली हे नागरिकांना ठाऊक होते.

महाराष्ट्रातील चित्र याहून भिन्न होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवस झालेल्या प्रवाशांनाच प्रवेश मिळाला. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये सुरू झाली, तीही दोन मात्रा पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी. त्या दिवसांत अध्यापक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यावर दाखले तपासण्याचे काम येऊन पडले. या निर्बंधांना आधार होता तो आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील प्रशासकीय आदेशांचा. विधिमंडळात स्वतंत्र कायदा झाला नाही. लोकलप्रवासाविषयीचे आदेश विहित कार्यपद्धतीनुसार काढलेले नसल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. तोवर सहा महिने उलटून गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजीच्या निर्णयात कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे नमूद केले. संसर्गाचे प्रमाण कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणबद्ध ठरत नाहीत, असेही न्यायालयाने म्हटले. तोवर महाराष्ट्रातील निर्बंध एप्रिल २०२२ च्या आरंभी उठलेले होते.

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नव्हता. मुंबईची लोकल अनिश्चित काळ बंद ठेवणे म्हणजे वसई, कल्याण, पनवेलकडच्या लाखो लोकांची रोजी बुडविणे होते. कोणाला तरी आधी प्रवेश द्यायचा, तर तो लसीकृतांना देणे समंजसपणाचे वाटे. पण त्याच वेळी लसींचा पुरवठा अपुरा होता आणि दुसरी मात्रा पहिलीनंतर १२ ते १६ आठवड्यांनी मिळत होती. ज्याला लस मिळालीच नाही, त्याला दाखला नाही म्हणून गाडीत चढू न देणे, ही शिक्षा शासनाच्या उणिवेबद्दल नागरिकास दिल्यासारखी होती. युरोपात चाचणीच्या दाखल्याचा पर्याय होता. लोकलच्या मासिक पासासाठी तसा पर्याय ठेवला गेला नाही.

५. समता आणि गोपनीयता

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले तेव्हा कोविनवर आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट, त्याच्या पदरात लस, अशी स्थिती निर्माण झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा मिळाली आणि जूनमध्ये कोविन मराठीसह अन्य भारतीय भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे मोहीम मराठीत बोलू लागली ती पाचव्या महिन्यात.

जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका स्वयंचलित खात्यावर मोबाइल क्रमांक टाकताच लसीकृत व्यक्तीची माहिती मिळत असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. कोविन सुरक्षित असल्याचे आरोग्य मंत्रालयाने सांगितले व तपास सुरू झाला. त्या वेळी देशात वैयक्तिक विदा संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. युरोपात विदा संरक्षणाचा कायदा आधी होता व त्या चौकटीत प्रमाणपत्र आले. भारतात आधी प्रमाणपत्र आले आणि कायदा मागाहून.

६. व्यवस्थेची मुदत

युरोपीय विनियमाला आरंभापासून एक वर्षाची मुदत होती. २०२२ मध्ये ती एका वर्षाने वाढविण्यात आली. पण त्यासाठी संसदेची संमती पुन्हा घ्यावी लागली. ३० जून २०२३ रोजी तो विनियम संपुष्टात आला. त्याच तंत्रावर आधारित जागतिक जाळे उभारण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतले. आरोग्य नियमावलीतील २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून बहुसंख्य देशांत लागू झाल्या असून त्यांत डिजिटल व कागदी अशा दोन्ही स्वरूपांतील दाखल्यांचा विचार केलेला आहे. भारतात कोविनच्या अनुभवावरून बालके व गर्भवतींच्या नियमित लसीकरणासाठी यू-विन ही प्रणाली उभी राहिली. तिचा हेतू चांगला आहे. बालकाची कोणती मात्रा राहिली हे स्थलांतरित कुटुंबाला कोणत्याही गावी कळावे, ही गरज खरी आहे. परंतु जन्मापासूनच्या नोंदी साठविणाऱ्या प्रणालीला तिचा वापर कोठे होणार नाही हे सांगणारी मर्यादा अधिकच आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१) डिजिटल स्वाक्षरी दाखल्याचे रक्षण करते, नोंदीचे नाही. नोंद करणाऱ्या केंद्रांवरील देखरेख हा व्यवस्थेचा पाया मानला पाहिजे.

२) लसींची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीशी जोडल्याखेरीज समान तंत्रातूनही असमान वागणूकच निर्माण होईल.

३) दैनंदिन जीवनात दाखल्याची सक्ती करावयाची असल्यास ती विधिमंडळाने संमत केलेल्या, मुदतबद्ध कायद्याने व्हावी आणि लस न मिळालेल्यांसाठी पर्याय ठेवावा.

४) कागदी दाखला व मातृभाषेतील सेवा या व्यवस्थेच्या आरंभापासून असाव्यात.

समारोप :

कोविनने भारताची क्षमता सिद्ध केली आणि युरोपीय प्रमाणपत्राने मर्यादेचे महत्त्व दाखविले. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण ती आल्यावर क्यूआर कोड तयार करण्यास फार वेळ लागणार नाही, एवढे निश्चित. वेळ लागतो तो दाखला कोणी, कोठे व कोठवर मागावा हे ठरविण्यास. तो निर्णय साथीच्या घाईत प्रशासकीय आदेशाने घेण्याऐवजी आजच्या शांत काळात विधिमंडळात व विद्यापीठीय चर्चेत घेतला जाणे अगत्याचे आहे.