लपण्याची नक्षी, दाखवण्याचा रुबाब

अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांनी आपल्या काळ्या रायफलींवर स्वतःच स्प्रे मारले. आधी मातकट थर, मग पानं किंवा जाळी धरून गडद फवारे. निसर्गात नळीसारखी सरळ काळी रेघ नसते. ती मोडायची असते. काम ओबडधोबड दिसतं, पण चोख असतं, कारण त्याचा समीक्षक शत्रू असतो.

टिपेश्वरहून सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबर २०१९पर्यंत आपल्या देऊळघाटच्या बाजूच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला वाघ आठवा. आपल्याला भडक वाटणारा त्याचा नारिंगी रंग हरणाला हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही. पट्टे अंगाची कड मोडतात. नक्षी चांगली की वाईट, हे बघणाऱ्याचा डोळा ठरवतो.

आता बाजारातली हिरव्या ठिपक्यांची पँट बघा. मे महिन्यात इथला सागवान निष्पर्ण, डोंगर तपकिरी. त्यात ती लांबूनच उठून दिसते. रीलमधल्या रंगवलेल्या बंदुकीचंही तेच. तिथे बघणारे आपण, आणि आपल्यापासून तिला लपायचंच नाही. रुबाब तेवढा दिसतो. ज्या भीतीपोटी सैनिकाने हातात स्प्रे घेतला, ती भीती मात्र बेमालूम लपते.