दानाची आवाहने आणि मुलांची अब्रू

वाङ्मयाच्या ज्या प्रकारांकडे टीकाकार सहसा वळत नाहीत, त्यांत धर्मादाय संस्थांच्या आवाहनपत्रकांची गणना करावी लागेल. वस्तुतः कादंबऱ्यांपेक्षा ती अधिक घरांत शिरतात. 'एका मुलाच्या शिक्षणाचे पालकत्व घ्या' असे सांगणारी ही पत्रके पूर्वी टपालाने येत. आता ती भ्रमणध्वनीवर येतात. साचा मात्र ठरलेला. वर मुलाचे छायाचित्र. खाली नाव, गाव, इयत्ता. मग बापाने जीव कसा दिला, आई कोठे मजुरीस जाते ह्याचा तपशील. आणि शेवटी बँकेतील खात्याचा क्रमांक. हेतू चांगला असल्यामुळे ह्या लेखनाची परीक्षा करणे कोणास रुचत नाही. आम्हांस ती अवश्य वाटते. कारण येथे लेखकाची नव्हे, तर एका अज्ञान मुलाची अब्रू पणास लागलेली असते.

ह्या लेखनाचा रस करुण, हे उघडच आहे. परंतु आपल्या साहित्यशास्त्राने रसाचे जे मर्म सांगितले, त्याच्या हे नेमके उलट चालते. भट्टनायक व अभिनवगुप्त ह्यांच्या मते काव्यातील भावाचे साधारणीकरण होते. तो कोणा एकाचा उरत नाही, आणि म्हणूनच तो आस्वाद्य होतो. रंगभूमीवर सीतेचा शोक पाहणारा प्रेक्षक कोणा शेजारणीची विटंबना पाहत नसतो. पत्रकातील दुःखास मात्र नाव, गाव व चेहरा चिकटलेला असतो, आणि त्या चेहऱ्यास दुसऱ्या दिवशी शाळेत जावयाचे असते.

ही गोष्ट मुंबईत बसून ध्यानात येत नाही. नांदुऱ्यासारख्या ठिकाणी येते. मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव ह्यांच्या दरम्यान वसलेले हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्याकडे दात्यांचे लक्ष वळावे हे स्वाभाविक आहे. पण पुण्यातील दात्यास जे चित्र म्हणजे 'विदर्भातील एक पोरका मुलगा' एवढेच असते, ते नांदुऱ्याच्या बाजारपेठेत अमक्याचा मुलगा म्हणून ओळखले जाते. त्याचे वर्गबंधू ते पाहतात, दुकानदार पाहतो. मुलगी असेल तर उद्या सोयरीक जुळविणारेही पाहतील. टपालाचे पत्रक रद्दीत जाई. भ्रमणध्वनीवरचे चित्र पुसले जाईलच असा भरवसा नाही.

चेहरा दाखविल्यावाचून पैसा मिळत नाही, असे ह्यावर कार्यकर्ते म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले, तेव्हा हिंदुस्थानातील उपाशी मुलांची छायाचित्रे मिशनऱ्यांच्या नियतकालिकांतून इंग्लंड-अमेरिकेत गेली; त्यांतून पैसा आला, व जीवही वाचले. जेथे प्राणांवर बेतले आहे तेथे अब्रूची चर्चा कोण करणार? परंतु शाळेची फी व वसतिगृहाचा खर्च ह्यांसाठी वर्षानुवर्षे चालणारे कार्य म्हणजे दुष्काळातील धावपळ नव्हे. तेथे विचारास अवकाश असतो.

आईची संमती घेतली होती, असेही सांगतात. मुलाची फी ज्याच्या हाती, त्याने पुढे केलेल्या कागदावर ती माउली 'नाही' कशी म्हणेल? पूर्वी वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यासही संकोच सोसावा लागे. पण त्याचे दैन्य सात घरांस ठाऊक असे, साऱ्या जगास नव्हे.

कायद्याने ह्या बाबतीत पाऊल टाकले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमान्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई असून, ती मोडणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेची मदत २०२३ साली दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली. ती मिळविण्यासाठी मुलास चव्हाट्यावर उभे राहावे लागत नाही. तथापि प्रत्येक गरीब विद्यार्थी ह्या कलमाखाली येतोच असे नाही. जेथे कायदा थांबतो, तेथे अभिरुचीने पुढे यावे.

अभिरुचीचा दाखला आपल्याच वाङ्मयात आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीत दारिद्र्य आहे, अपमान आहेत, डोळ्यांस पाणी आणणारे प्रसंग तर पानोपानी आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) ह्याहून दाहक बाळपण आहे. ह्या पुस्तकांनी बाळपणाचे दैन्य उघडे केले तरी ती वाचताना कोणाची अब्रू गेली असे वाटत नाही. का? कारण सांगणारा प्रौढ आहे, दुःख त्याचे स्वतःचे आहे, आणि काय सांगावे व काय झाकावे हे त्याने स्वतः ठरविले आहे. पत्रकातील मुलाचा हाच अधिकार आपण आगाऊ खर्च करून टाकतो. पुढे त्यास आपली कथा सांगावीशी वाटली, तर ती आधीच दुसऱ्याच्या शब्दांत विकली गेलेली असते. आणि सांगावीशी वाटली नाही, तर गप्प राहण्याची सोयही उरत नाही.

तेव्हा चांगले आवाहन कसे असावे? त्यात मुलाच्या चेहऱ्याऐवजी कामाचा चेहरा दिसावा. किती मुले शिकतात, एका मुलावर वर्षास काय खर्च येतो, मागील वर्षाचा पैसा कोठे गेला, शिक्षक कोण आहेत, हे स्वच्छ लिहावे. कथा हवीच असेल, तर संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या व आपल्या पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाने, त्याची खुशी असेल तर, ती आपल्या तोंडाने सांगावी. अशा पत्रकास पहिल्या वर्षी कदाचित कमी पैसा मिळेल. ती तूट दात्यांनी भरून काढावयाची आहे. कारण चेहऱ्याची मागणी मुळात त्यांचीच आहे.

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. आजवर त्यात देणाऱ्याचे नाव झाकले जाई. आता घेणाऱ्याचे झाकण्याची वेळ आली आहे.