आधी देऊळ, मग खाण

लघुग्रहांवरील खाणींविषयी लिहिणारे आपले बहुतेक लेखक आरंभीच प्लॅटिनमचा बाजारभाव सांगतात आणि तेथेच त्यांची वाट चुकते. हा हिशेब पृथ्वीवर आणून विकण्याच्या धातूचा झाला. अंतराळातच वापरायचे, तर सर्वांत मोलाचे पाणी. ते पिता येते. त्याचे विघटन केले की हायड्रोजन व ऑक्सिजन, म्हणजे अग्निबाणाचे इंधन, मिळते. शिवाय पृथ्वीवरून नेलेल्या प्रत्येक किलोला गुरुत्वाकर्षणाची जकात द्यावी लागते, ती येथे वाचते.

जवळचे द्रव्य वापरावे, हे शहाणपण जुनेच. अंबरनाथचे शिवालय १०६० साली शिलाहारांच्या काळी उभे राहिले, ते याच मुलखातल्या काळ्या दगडाचे.

मग अडते कोठे? जपानच्या हायाबुसा-२ ने २०२० साली र्‍युगूवरून सुमारे ५.४ ग्रॅम, तर अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने २०२३ साली बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम द्रव्य आणले. त्यातील खनिजांत पाणी बांधलेले आहे. पण लघुग्रहावर ते तापवून काढणारे यंत्र अद्याप कोणी चालवलेले नाही. याच उद्योगासाठी निघालेली प्लॅनेटरी रिसोर्सेस ही कंपनीही २०१८ साली विकली गेली.

यंत्र उद्या होईलही, गिऱ्हाइकाचे काय? देऊळ बांधायचे होते म्हणून अंबरनाथला दगड घडवला गेला. बदलापूरजवळ बारवीचे पाणी अडवले, तेही कारखान्यांना ते हवे होते म्हणून. अंतराळात नित्य इंधन मागणारी वस्ती अजून नाही. लेखकांनी आधी ती वस्ती रंगवावी. तिच्यावाचून लघुग्रहावरचा दगड दगडच राहणार.