एकशे सात मिलिमीटर रबर

चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर उकिडवे बसलो होतो. धुळ्याच्या आग्रा रोडवरचं टायरचं दुकान, मे महिन्यातले सकाळचे साडेआठ, आणि एवढ्यातच शटरचा पत्रा हाताला चटका देत होता. भाचा म्हणाला, "मामा, बोला ना काहीतरी." मी गप्पच राहिलो. चांगलं चाक आधी पाहून घ्यावं लागतं. तुंबा पाहायचा, मग तुंब्यातून आरे कसे निघतात ते, मग ते घेराला कसे जाऊन भिडतात ते. घाईने पाहणाऱ्याला फक्त रंग दिसतो.

रंग जुन्या पितळी भांड्याचा, न घासलेला, मंद. आरे दहा. बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळते होत जाणारे, ज्वारीच्या ताटासारखे. ही नुसती शोभा नाही. गाडी वळणावर झुकते तेव्हा सगळा भार चाकाला आडवं वाकवू पाहतो, आणि वाकवणारा तो जोर तुंब्यापाशी सगळ्यात जास्त असतो, कडेकडे कमी होत जातो. जिथे जोर जास्त तिथे धातू जास्त. आरे थेट कडेपर्यंत गेलेले, मध्ये सपाट काठ सोडलेला नाही, त्यामुळे सोळा इंची चाक डोळ्यांना सतरा इंची भासतं. दुकानदाराने ते फिरवलं तेव्हा दहा आऱ्यांचं एक धुरकट वर्तुळ झालं आणि थांबताना पुन्हा एकेक आरा वेगळा निघाला.

मग मी चाक पालथं केलं. चाकाची खरी परीक्षा पाठीवर होते. दर्शनी बाजू कुणीही नटवतो. या चाकाच्या पाठीवर प्रत्येक आऱ्याच्या पोटात लांबट खोलगा होता, बोल्टांच्या मधली जागा कोरून काढलेली होती, आणि आतल्या बाजूला जपानी मानकाची 'जेडब्ल्यूएल' ही अक्षरं ओतकामातच उमटलेली होती. जिथे धातूचं काम नव्हतं तिथून तो काढून घेतला होता. चांगल्या लेखकाने खोडलेली वाक्यं आपल्याला दिसत नाहीत. चाकात मात्र दिसतात, पाठ पाहिली तर.

तुंबा, आरे हे शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण बैलगाडीच्या चाकाने आपल्या भाषेला हे सगळं आधीच देऊन ठेवलं आहे. आणि एक शब्द तर असा की त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा: धाव. लाकडी चाकावर बसवलेलं लोखंडी कडं म्हणजे धाव. लोहार ते घेरापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेलं असतानाच चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. वाफेच्या फुत्कारात कडं आवळतं आणि आरे, तुंबा, घेराचे तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. जमिनीला टेकणाऱ्या त्या एवढ्याशा पट्टीला आपल्या लोकांनी धावण्याचंच नाव दिलं. चाक गाडीचं असतं, धाव मात्र रस्त्याची असते. टायरबद्दल पुढे जे काही सांगणार आहे ते या शब्दात आलेलंच आहे.

माझी नजर चाकावर बसली ती जळगावला, जुन्या गावात, कार्तिकी एकादशीच्या रथामुळे. श्रीरामाचा हा रथोत्सव १८७२पासून चालत आलेला. गर्दीत लहान मुलाला मूर्ती दिसत नाही, चाकं दिसतात. आणि चाकापाशी वाकलेले मोगरीवाले दिसतात. रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून एवढा मोठा रथ वळवायचा आणि थांबवायचा. मोगरी किती आत, किती तिरकी, केव्हा काढायची, हे सगळं हाताच्या अंदाजाने. प्रचंड वजन, आणि त्याचा निकाल लागतो तो चाक आणि जमीन यांच्यामधल्या वीतभर जागेत. ते दृश्य डोक्यात इतकं पक्कं बसलं की आजही कुठलीही गाडी पाहताना माझी मान आधी खाली जाते.

भाच्याची गाडी म्हणजे पोलो जीटी टीएसआय, २०१३ साली आलेल्या पहिल्या खेपेतली, चाकणच्या कारखान्यात बनलेली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरचा डीएसजी. कागदावर ती पाच दारांची हॅचबॅक आहे, पण जळगाव-धुळ्याच्या पोरांची स्पोर्ट्स कार तीच. २०२२ साली पोलो बंद झाल्यापासून तर तिच्यावरची माया आणखी वाढली आहे. या गाडीला थोडे आखूड आणि कडक स्प्रिंग आहेत, चांगले ब्रेक पॅड आहेत, हवेचं इनटेक बदललेलं आहे. मूळचे टायर १८५/६० आर १५. त्या जागी त्याने दोन वर्षांपूर्वी २१५/४० आर १७ बसवले होते, एका नामांकित जपानी चाकाची नक्कल असलेल्या रिमांवर.

त्या निवडीचं गणित चोख होतं, हे मान्य करायला हवं. १८५/६० म्हणजे रबराची उंची रुंदीच्या ६० टक्के, १११ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि पंधरा इंचांचं रिम मिळून चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटर भरतो. २१५/४० आर १७चा भरतो ६०३.८. जेमतेम एका मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरचा काटासुद्धा हलत नाही. पण रबर १११ वरून ८६वर आलं. उरलेल्या जागेत धातू आला, आणि धातूला रस्त्याशी जुळवून घेता येत नाही. एका रात्री गावाकडच्या रस्त्यावर खड्डा लागला आणि पुढचं डावं रिम वाकलं. नीट पाहिलं तर एका आऱ्याच्या मुळाशी केसासारखी तडही दिसली. दुकानातल्या म्हाताऱ्या फिटरने तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "चाक ते भारी शे भो, पन रस्ता?"

नक्कल ज्याची होती त्या चाकाबद्दल मात्र मला आदर आहे. रेज कंपनीचं टीई ३७, १९९६ सालचं. सहा आरे, बाकी काही नाही. नावातला ३७ हा वजनाचा आकडा आहे. पहिलं पंधरा इंची चाक ३.७ किलोचं होतं. अॅल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवून ते बनवतात, म्हणून इतक्या कमी धातूत ते टिकतं. नक्कल करणाऱ्याने सहा आरे उचलले, पण घडाई उचलली नाही. साध्या ओतीव धातूला तेच रूप द्यायचं तर तो जाड करावा लागतो. चाल तीच ठेवून शब्द जड केले की गाणं जसं बुडतं, तसं ते चाक बुडतं.

घडीव आणि ओतीव चाकांच्या मधला एक रस्ता आहे आणि नवं चाक त्या रस्त्याने आलेलं आहे. मधली तबकडी ओतायची, आणि बाहेरचा घेर मात्र गरम असताना रूळांच्या दाबाखाली फिरवत लांबवायचा. धातूचे कण दाबले जातात, घेर पातळ होऊनही चिवट राहतो. एन्केई या जपानी कंपनीचं नाव या पद्धतीशी जोडलेलं आहे. तिचा कारखाना पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला आहे. टायरचं तर विचारूच नका. सिएट सातपूरला, गुडइअर वाळूजला, ब्रिजस्टोन चाकणला. खान्देशातून एका दिवसात जाऊन यावं इतक्या अंतरात एवढी कारागिरी आहे आणि आपण चाक निवडताना फक्त फोटो पाहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वजन आम्ही खरंच केलं. भाच्याच्या मित्राची केळीची वखार आहे, तिथल्या काट्यावर. नकली सतरा इंची रिम टायरविना १०.८ किलो, नवं सोळा इंची ७.४ किलो. चार चाकांत तेरा किलोंपेक्षा जास्त फरक. डिकीत तेरा किलोंची पिशवी ठेवली तर कुणाला कळणार नाही, पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. खड्ड्यावरून चाक उसळतं तेव्हा त्याला परत जमिनीवर टेकवण्याचं काम स्प्रिंग आणि शॉकअपला करावं लागतं. चाक हलकं असलं की ते लवकर परत येतं, आणि जमिनीला टेकलेलं असेल तरच वळतं आणि थांबतं. शिवाय हे वजन फिरणारं आहे. कडेचा किलो तुंब्याजवळच्या किलोपेक्षा कितीतरी महाग पडतो, दर वेळी गाडी उचलताना आणि दर वेळी ब्रेक मारताना.

आता रबर. आम्ही १९५/५५ आर १६ घेतले. याच गाडीच्या नंतरच्या जीटीवर कंपनीने स्वतः हेच माप दिलं होतं, तेव्हा मडगार्डला घासेल का, ही शंकाच नव्हती. व्यास ६२१ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा तीन टक्के मोठा. गाडी नऊ मिलिमीटर उचलली जाते आणि आखूड स्प्रिंगनंतरही चाकावरची कमान भरल्यासारखी दिसते. आणि रबराची उंची १०७ मिलिमीटर. माझ्या मते या गाडीचं सौंदर्य या आकड्यात आहे.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानलं. अलंकार योग्य जागी नसेल तर तो भूषण राहत नाही. चाकाचं औचित्य रस्त्यावरून ठरतं. आमच्या रस्त्यांखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि वरचं डांबर त्यासोबत लाटेसारखं होतं. धुळे ते जळगाव महामार्ग आता बराच रुंद झाला, पण पारोळ्याहून किंवा एरंडोलहून आत वळलं की त्याच लाटा. त्यावर ८६ मिलिमीटरचं रबर म्हणजे प्रत्येक लाट कण्यापर्यंत. १०७चं रबर लाट आधी स्वतः घेतं आणि तिचा अर्थ तेवढा वर पाठवतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना हे नीट कळतं. स्टिअरिंग वळवल्यावर रबराची भिंत किंचित झुकते, क्षणभर थांबते आणि मग गाडी वळते. पातळ टायरवर तो क्षण नसतो. काहींना तेच आवडतं. मला तो क्षण हवा असतो, कारण पकड सुटायच्या आधी रबर जे काही सांगतं ते त्याच क्षणात सांगतं.

टायरच्या भिंतीवर लिहिलेलं वाचायची सवय लावून घ्यावी. '८७ व्ही' म्हणजे एका टायरवर ५४५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. 'आर' म्हणजे रेडियल, १९४६ साली मिशलिनने पेटंट घेतलेली रचना. १४२४ हा आकडा म्हणजे २०२४चा चौदावा आठवडा, म्हणजे तेव्हा ताजं रबर. तापमानाची श्रेणी 'ए', जी आमच्याकडे सगळ्यात आधी पाहावी. नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी आहे: बाहेरच्या बाजूला वळणावर न वाकणारे मोठे ठोकळे, आतल्या बाजूला पाणी काढणाऱ्या चरी. तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या, झिजून तिथे पोचला की टायर संपला.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, हा आपल्या भागातला समज धोक्याचा आहे. हवा कमी असली की भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडते आणि दुमडण्यानेच रबर तापतं. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, आणि कंपनीने दिलेला आकडा हे धरूनच असतो. सकाळी, गाडी हलायच्या आत, सावलीत हवा तपासावी आणि सांगितली तेवढी भरावी.

बसवताना मी शेजारीच उभा होतो. तुंब्याचं भोक ५७.१ मिलिमीटरचं, गाडीच्या हबवर अलगद बसलं, कडी घालावी लागली नाही. मी बोल्ट मागवून पाहिले. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टाचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीचा बोल्टही आवळला जातो, पण टेकतो फक्त एका रेघेवर, आणि तिथून हळूहळू सैल होतो. फिटरने न सांगताच नवे शंकूचे वीस बोल्ट काढून ठेवले होते. टायरवरचा पिवळा ठिपका त्याने व्हॉल्व्हसमोर आणला. तो ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा, आणि व्हॉल्व्हपाशी रिमला थोडं जास्त वजन असतं. बॅलन्सिंगला शिशाचे दोनच छोटे तुकडे लागले. मला फार आनंद झाला.

मग आम्ही जळगावकडे निघालो, दोघंही फारसं न बोलता. पाळधी गेल्यावर त्याने काच खाली केली. टायरांचा आवाज आधीपेक्षा खालच्या पट्टीत होता, एकसंध. नव्या टायरच्या अंगावर रबराची बारीक लव असते. घरी पोचून पाहिलं तर रस्त्याला टेकणाऱ्या भागावरची गेलेली होती, भिंतीवरची तशीच उभी होती. नव्वदेक किलोमीटर झाले होते, म्हणजे बोल्ट पुन्हा तपासायची वेळ. अंगणात गाडी गार होऊ दिली. टॉर्क रेंच १२०वर लावून भाचा एकेका चाकापाशी बसला आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून दाबत गेला. टक. टक. विसावाही तसाच वाजला.