मंच मध्यभागी हवा

चंदीगडमध्ये ‘रॉक’ म्हटलं की आधी नेकचंद यांचं रॉक गार्डन आठवतं. इथे मैदान भरवणारा कलावंत गिटारवाल्या बँडमधून येत नाही. तो पगडी बांधून, भांगड्याच्या ठेक्यावर येतो. १४ डिसेंबर २०२४च्या संध्याकाळी सेक्टर ३४च्या प्रदर्शन मैदानावर दिलजीत दोसांझचा ‘दिल-लुमिनाटी’ दौऱ्यातला कार्यक्रम झाला. त्याची गाणी मी कित्येक वर्षं इअरफोनवर ऐकत आलो आहे. आवडत्या गायकाला प्रत्यक्ष ऐकायला जाताना मनात एकच प्रश्न होता : घरी मिळत नाही असं इथे काय मिळणार?

मागच्या रांगेतून मिळालं ते असं : बोटाएवढा दिलजीत आणि इमारतीएवढा त्याचा पडदा. नजर आपोआप पडद्याकडे जाते. म्हणजे तिकीट काढून, तासन्‌तास उभं राहून पुन्हा पडदाच बघायचा. पुढे मंचाजवळच्या महाग चौकोनातली माणसं नाचत होती. मागे आम्ही त्यांचं नाचणं बघत होतो. तरीही हजारो अनोळखी माणसं एकाच ओळीवर एकाच वेळी श्वास घेतात, तेव्हा अंगावर काटा येतो. इअरफोनमध्ये हे नाही. प्रत्यक्ष ऐकण्याची किंमत गायकाच्या चेहऱ्यात कमी आणि शेजारच्या माणसाच्या आवाजात जास्त असते, हे त्या रात्री कळलं.

म्हणूनच त्याच मंचावरून दिलजीत जे बोलला ते मला महत्त्वाचं वाटतं. मंच मध्यभागी असावा, लोक चहूबाजूंनी असावेत, आणि सोयी सुधारल्याशिवाय आपण इथे कार्यक्रम करणार नाही, असा त्याचा सूर होता. बातम्यांत त्याचं ‘भारतात कार्यक्रम बंद’ झालं. मग त्याला खुलासा करावा लागला की आपण चंदीगडच्या जागेबद्दल बोललो. सगळ्यांनी ती तक्रार म्हणून ऐकली. मला ती कलेविषयीची मागणी वाटली. आपल्याकडे कीर्तनकाराभोवती माणसं बसतात, वारीत रिंगण होतं. मध्ये मोकळी जागा आणि भोवती माणसं, ही रचना आपल्याला नवी नाही. पुढे-मागे अशी उतरंड तिकिटांच्या दरातून येते.

दुसरी बाजू मैदानाबाहेर राहते. उच्च न्यायालयाने कार्यक्रमाला परवानगी देताना ७५ डेसिबलची अट घातली होती. ती ओलांडल्याचं नंतर प्रशासनानेच न्यायालयात सांगितलं. सेक्टर ३४भोवती वस्ती आहे, अभ्यासाला बसलेली मुलं आहेत. त्यांची बाजू खोटी नाही. पण हिशेबही बघावा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून १० मीटरवर १०० डेसिबल असेल, तर १०० मीटरवर तो ८०च्या आसपास येतो. वस्तीला चिकटलेल्या मैदानात शेजाऱ्याला शांतता द्यायची, तर मागच्या श्रोत्याला कुजबुज द्यावी लागते. गायक आणि शेजारी यांचं भांडण खरं तर जागेशी आहे. आठवड्याने ए. पी. ढिल्लनचा कार्यक्रम सेक्टर २५ला हलवला गेला, तेव्हा हेच मान्य झालं. ल कॉर्बुझिएच्या या आखीव शहरात फिरण्यासाठी हिरवी दरी आहे. इतक्या माणसांनी एकत्र गाण्यासाठी बांधलेली जागा मात्र नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. रात्री दहाच्या नियमाने त्याचं वेळापत्रक बदललं आणि उत्तररात्रीच्या रागांची वेळच हातातून गेली. मुंबईचं रंगभवन, जिथे तरुणांनी रॉक ऐकलं, शांतता क्षेत्रात आलं आणि गप्प झालं. याच दौऱ्यात कोथरूडच्या कार्यक्रमाचा मद्यपरवाना आक्षेपांनंतर रद्द झाला. हैदराबादला सरकारी नोटिशीनंतर दिलजीतने दारूचे शब्द बदलून शीतपेयाचे केले. चंदीगडलाही बाल हक्क आयोगाने अशा गाण्यांविरुद्ध सूचना दिली होती. शब्दांवर नजर ठेवणं सोपं असतं, त्याला एक कागद पुरतो. जागा बांधायला पैसा, जमीन आणि गाण्याबद्दलचा आदर लागतो.

दिलजीतबद्दल माझी एक तक्रार उरतेच. घरी ऐकताना त्याच्या आवाजातला जो कोवळा, गावाकडचा कंप जाणवतो, तो त्या रात्री ढोल आणि आतषबाजीत सापडला नाही. दोन क्षण वाद्यं थांबली असती आणि तो नुसता गायला असता, तर मागच्या रांगेलाही तो जवळ वाटला असता. मंच मध्यभागी आणता येईल तेव्हा येईल. तोवर गायकाला एवढं करता येतं.

परतताना माझा आवाज बसला होता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचाही. आम्ही एकमेकांचं नाव विचारलं नाही.