नकाराचे मन आणि सकाराचा मंत्र

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात एका निमसरकारी कार्यालयात मुलाखत देऊन आला. लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण होते. मुलाखतीत त्याला आडनाव दोनदा विचारले, गाव विचारले, आणि मग पाच मिनिटांत बाहेर पाठवले. यादीत त्याचे नाव आले नाही. चार दिवसांनी तो मला म्हणाला, "सर, माझ्या अंतर्मनातच खोट असेल का? रोज प्रार्थना करतो, पण आत कुठेतरी होणार नाही असेच वाटत असते. म्हणूनच होत नसेल."

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून, झोपडपट्ट्यांतून, बैठ्या घरांच्या भिंतींवरून तो मला वर्षानुवर्षे ऐकू येतो आहे. म्हणून त्याच्या मुळाशी जाणे मला भाग वाटते.

मराठी माणसाच्या मनात हा विचार ज्यांनी सर्वांत खोलवर रुजवला ते वामनराव पै. राज्य शासनाच्या अर्थखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने जीवनविद्या मिशन उभे केले. 2012 साली ते गेले, पण त्यांची विश्वप्रार्थना उपनगरांतल्या हजारो घरांत आजही रोज म्हटली जाते. त्यांच्यावर टीका करण्यापूर्वी त्यांचे देणे मान्य केले पाहिजे. नवस, उपासतापास, देवाचा कोप यांतून त्यांनी पुष्कळ कष्टकरी घरे बाहेर काढली. त्यांची प्रार्थना केवळ स्वतःसाठी मागत नाही, सर्वांसाठी मागते. बुवाबाजीच्या बाजारात ही गोष्ट लहान नव्हे.

पण या विचाराचा कणा कोणता? माणसाचे नशीब त्याच्याच विचारांनी घडते. बहिर्मनाने जे पेरावे ते अंतर्मनातून उगवते. हीच गोष्ट अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील या पाद्र्याने 1952 साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात सांगितली आणि जोसेफ मर्फीने 1963 साली अंतर्मनाच्या शक्तीवरील पुस्तकात. मर्फीचे ते पुस्तक मराठीत येऊन आता रस्त्यावरच्या विक्रेत्याकडेही मिळते. आता हे सूत्र उलटे करून वाचा. ज्याचे वाईट झाले त्याने वाईट विचार केला असला पाहिजे! पूर्वी आमच्या बापजाद्यांना सांगत, मागच्या जन्मीचे पाप भोगतो आहेस. आता मागचा जन्म गेला आणि कालचा विचार आला. आरोपी मात्र तोच राहिला. मुलाखत घेणारे सुटले, व्यवस्था सुटली.

पवईच्या आयआयटीत 12 फेब्रुवारी 2023 रोजी दर्शन सोलंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मरण पावला. जातीय भेदभावाचे बोट घरच्यांनी दाखवले. संस्थेच्या समितीला मात्र भेदभावाचा पुरावा दिसला नाही, तिला अभ्यासातली घसरण दिसली. खरेखोटे मी येथे ठरवीत नाही. शोधाची दिशा तेवढी पाहावी : ती संस्थेकडून मुलाकडे वळते.

ज्या 1963 साली मर्फीचे पुस्तक आले, त्याच साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. हा योगायोगच, परंतु शीर्षककथा पुन्हा वाचावी. रेल्वेत नोकरीला आलेला तो तरुण काही रडतराऊत नाही. नव्या भारताची, नव्या माणसाची स्वप्ने घेऊन तो येतो. सकारात्मकतेत तो कोणाला हार जाणार नाही. त्याची जात कळते, आणि त्याला मार बसतो. त्याच्या अंतर्मनात काही खोट नव्हती. खोट त्याला खोली देणाऱ्या घरात होती. आमच्या साहित्याला 'नकारात्मक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, नकार हा आमच्याकडे मनाचा रोग नव्हता. रोग कोठे आहे ते सांगणारे ते निदान होते.

येथे कोणी विचारील, बुद्धानेही मनालाच अग्रस्थान दिले ना? दिले. पण तेविज्जसुत्तात वासेट्ठाला तो अचिरवती नदीचा दाखला देतो. या काठावर उभे राहून पलीकडच्या काठाला 'इकडे ये' म्हणून कितीही विनवले, तरी काठ येतो का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये तर स्पष्टच केले आहे की, एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे आली की ती पडते. मन शुद्ध करावयाचे ते समोरच्या माणसाशी नीट वागता यावे म्हणून, पगारवाढ व्हावी म्हणून नव्हे.

माझी आई निरक्षर. संध्याकाळी ती त्रिसरण-पंचशील म्हणते. लहानपणी मला ती प्रार्थनाच वाटे. पुढे पालीचा अर्थ कळला तेव्हा ध्यानात आले की, पंचशीलात मागणे नाहीच. हे मी करणार नाही, अशी आपणच आपल्याला घातलेली अट आहे. अर्थात आमच्या विहारांतूनही ही अट आता सुरात, घाईघाईने उरकली जाते, आणि वंदना झाल्यावर परीक्षेत यश मिळावे म्हणून हात जोडणारी मुले मी पाहतो. तेव्हा पै यांच्या अनुयायांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

प्रार्थनेने माणसाला रात्री झोप येत असेल तर ती मी हिरावून घेऊ इच्छीत नाही. 11 जुलै 1997 रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, त्यानंतर त्या वस्तीतल्या आयाबायांना कशाचा ना कशाचा आधार लागलाच असेल. आधार निराळा आणि कारणमीमांसा निराळी. माझे भांडण दुसरीशी आहे.

त्या विद्यार्थ्याला मी बागुलांचे पुस्तक दिले. आठवड्याने परत करताना तो म्हणाला, "सर, त्याला वाचवायला काशीनाथ धावून आला. माझ्यासाठी कोण येणार?" मला पटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी बसून मुलाखतीचे गुण मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. यादीत नाव नसलेल्या त्याच्या आणखी दोन मित्रांनीही तसेच अर्ज केले. उत्तर अजून आलेले नाही. सकाळची प्रार्थना तो अजूनही म्हणतो. मी त्याला सोड म्हटलेले नाही.