'खरा' टायसन कोणता? पराभव वगळून मोजलेली थोरवी

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, वाद कधी निरर्थक होतो, ते ओळखायचं कसं?" तेव्हा वेळ संपत आला होता, म्हणून उत्तर आजवर राखून ठेवलं. उदाहरण मी मुद्दाम तत्त्वज्ञानाच्या बाहेरचं घेतलंय. बॉक्सिंगचं. काही जणांच्या भुवया उंचावतील, तर उंचावू देत. बॉक्सिंगचे रसिक तासन्‌तास जो वाद घालतात, त्यात तर्कशास्त्राचे जितके दोष एका जागी सापडतात तितके मला पाठ्यपुस्तकातही सापडले नाहीत.

वाद माइक टायसनचा आहे. "प्राइम टायसन", म्हणजे ऐन भरातला टायसन. त्याच्यापुढे कोणीही टिकला नसता, मुहम्मद अली नाही, लेनॉक्स लुइस नाही, होलीफील्ड नाही, असं मानणारा एक फार मोठा वर्ग जगभर आहे. आणि ही मंडळी अडाणी नाहीत बरं का. तारखा त्यांना पाठ असतात, प्रत्येक लढत पाहिलेली असते. म्हणूनच हे उदाहरण घेण्याजोगं आहे. माहिती कमी असलेल्या माणसाचा गैरसमज दूर करणं सोपं असतं. भरपूर माहिती असलेला माणूस ती कशी रचतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी टायसनचं जे खरंखुरं आहे ते त्याच्या पदरात घालू. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत झोपवलं आणि विसाव्या वर्षी तो हेवीवेट जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात तो किताब आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये टोनी टकरला हरवून तिन्ही प्रमुख पट्टे त्याने एकत्र आणले. जानेवारी १९८८ मध्ये लॅरी होम्सला चौथ्या फेरीत संपवलं. होम्स आयुष्यात ७५ लढती खेळला, त्यांत लढत थांबवून तो हरला अशी ही एकच. मग २७ जून १९८८, अटलांटिक सिटी. समोर मायकेल स्पिंक्स, ३१ लढती, एकही हार नाही. ९१ सेकंद. स्पिंक्स त्यानंतर पुन्हा रिंगणात उतरलाच नाही.

आणि हे सगळं नुसत्या ताकदीवर नव्हतं. कस डी'आमाटो नावाच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने कॅटस्किल गावात त्याला घडवलं होतं. दोन्ही हात गालांपाशी, डोकं सतत डावी-उजवीकडे हलतं, समोरच्याचा जॅब डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि खालून आत शिरायचं. उजवा हूक बरगडीवर, लगेच त्याच हाताने अपरकट हनुवटीवर. टायसनची उंची पाच फूट दहा इंच, हेवीवेटमध्ये हा माणूस ठेंगणाच. त्या उंचीची अडचण त्याने शास्त्र करून टाकली होती. 'राक्षसी ताकद' म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांना त्याची विद्या दिसलेली नसते, असं माझं मत आहे. असो.

आता ११ फेब्रुवारी १९९०. तोक्यो. टायसनच्या नावावर ३७ विजय, हार शून्य. समोर बस्टर डग्लस. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत डग्लसचा भाव ४२ ला १. लढतीच्या तीनच आठवडे आधी डग्लसची आई वारली होती. दहाव्या फेरीत डग्लसने टायसनला असा पाडला की तोंडातून पडलेला दंतरक्षक चाचपडत शोधणारा टायसन, हे दृश्य कायमचं लोकांच्या डोळ्यांत राहिलं.

रसिकाला विचारा, मग तुमचा अजिंक्य टायसन हरला ना? उत्तर येतं, "तो प्राइम टायसन नव्हता." बरं, नोव्हेंबर १९९६ मध्ये होलीफील्डने अकराव्या फेरीत थांबवलं? "प्राइम केव्हाच संपलं होतं." २००२ मध्ये लेनॉक्स लुइसने आठव्या फेरीत? "तेव्हा तर काहीच उरलं नव्हतं." मग प्राइम संपलं कधी? "डग्लसच्या लढतीआधी." हे कशावरून? "अहो, नाहीतर तो डग्लसकडून हरला असता का?"

आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. भर ओसरली होती म्हणून हरला, आणि हरला यावरून भर ओसरली होती. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्याला धरून उभे आहेत, तसा हा युक्तिवाद उभा असतो.

अँटनी फ्ल्यू या इंग्लिश तत्त्ववेत्त्याने १९५० च्या सुमारास देवाच्या अस्तित्वाच्या चर्चेत एक दृष्टान्त वापरला होता. जंगलात फुलं असलेली एक मोकळी जागा दिसते. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा ठेवतात, कोणी येत नाही. मग माळी अदृश्य आहे. कुंपणाला वीज लावतात, कोणी ओरडत नाही. मग त्याला वीज लागत नाही. शेवटी दुसरा विचारतो, तुझा हा माळी आणि नसलेला माळी यांत फरक तो काय उरला? फ्ल्यूचा मुद्दा असा की एकेक अट जोडत गेलं की ठाम विधान हळूहळू मरतं, आणि ते मेलंय हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्राइम टायसन हा तो माळी आहे.

इथे मी दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतो, कारण तिच्यात तथ्य आहे. भर ही गोष्ट खोटी नाही. खेळाडू उतरणीला लागतो, बॉक्सर तर लवकर लागतो. टायसनच्या बाबतीत हार सोडूनही पुरावे देता येतात. डी'आमाटो १९८५ मध्ये गेले, त्यांची पद्धत चालवणाऱ्या केविन रूनीला टायसनने १९८८ च्या अखेरीस काढून टाकलं, आणि तोक्योत त्याच्या डोक्याची ती जुनी हालचाल दिसत नाही, एकेक जड पंच शोधत तो उभा असल्यासारखा दिसतो. हा पुरावा स्वतंत्र आहे. असा युक्तिवाद करणाऱ्याशी माझं भांडण नाही.

पण मग त्याने तो हार व्हायच्या आधीही मानला पाहिजे. जुलै १९८९ मध्ये, रूनी गेल्यानंतर आणि तोक्योच्या सातच महिने आधी, टायसनने कार्ल विल्यम्सची लढत ९३ सेकंदांत संपवली. तेव्हा कोणी म्हणालं का, की याची भर ओसरली? ४२ ला १ हा भाव काय सांगतो? पैसे लावणारं जग, ज्याला चूक महागात पडते, ते टायसनला अजिंक्यच मानत होतं. उतरण सगळ्यांना दिसली ती दहाव्या फेरीनंतर. पुढे तेच. सप्टेंबर १९९६ मध्ये ब्रूस सेल्डनला त्याने पहिल्याच फेरीत उडवलं आणि "टायसन परत आला" असा गजर झाला. होलीफील्डविरुद्धही पसंती टायसनलाच होती. दोन महिन्यांत होलीफील्ड जिंकला आणि त्याच तोंडांनी सांगितलं की टायसन तर कधीच संपला होता. जिंकला की परत आला, हरला की आधीच गेला होता. ज्या शब्दाचा अर्थ निकालानंतर ठरतो, तो शब्द निकालाचं कारण कसा होईल?

वयं बघा. टायसनचा जन्म जून १९६६ चा. होलीफील्ड ऑक्टोबर १९६२ चा, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी मोठा. लेनॉक्स लुइस सप्टेंबर १९६५ चा, तोही मोठा. तोक्योत टायसन तेवीस वर्षांचा होता आणि डग्लस एकोणतीस. ज्यांनी त्याला त्या तीन मोठ्या हारी दिल्या ते तिघेही वयाने त्याच्यापेक्षा थोर होते. त्यांच्या भराची चौकशी मात्र कोणी करत नाही.

आणि हाच माझा मुख्य आक्षेप. डेव्हिड लुइस नावाचा एक तत्त्वज्ञ झाला, हा लुइस बॉक्सर नव्हे (हशा), त्याने १९७३ मध्ये जर-तरच्या विधानांवर एक पुस्तक लिहिलं. ढोबळ सांगायचं तर, "असं झालं असतं तर" हे तपासताना आपल्या जगाशी शक्य तितकं जुळणारं दुसरं जग डोळ्यापुढे आणायचं, गरजेपुरता बदल करायचा आणि बाकीचं तसंच ठेवायचं. टायसनचे रसिक काय करतात? टायसनची बाजू हवी तेवढी सुधारतात. डी'आमाटो जिवंत करतात, रूनीला परत आणतात, त्याचं लग्न मोडू देत नाहीत, डॉन किंगला हाकलतात. आणि समोरच्याला होता तसाच, नाही, होता त्यापेक्षा थोडा कमीच ठेवतात. मग डग्लसचीही आई जिवंत ठेवा की! तो तर ती नसतानाही जिंकला.

ऐन भरातला टायसन म्हणून डोळ्यापुढे येतो तो तरी एक माणूस असतो का? बर्बिकपासून स्पिंक्सपर्यंतच्या एकोणीस महिन्यांत, म्हणजे निर्विवाद भराच्या काळात, तो आठ लढती खेळला. त्यांतल्या दोन पूर्ण बारा फेऱ्या चालल्या. बोनक्रशर स्मिथने लढत संपेपर्यंत त्याला मिठ्या मारून धरून ठेवलं. टकरने पहिल्याच फेरीत अपरकटने त्याला मागे रेटलं होतं. हाही प्राइम टायसनच. पण दोन मिनिटांच्या चित्रफितीत स्मिथच्या मिठ्या कशा मावणार? तिथे नुसती पडणारी माणसं असतात. आठ लढतींतले आठ उत्तम क्षण शिवून जो टायसन तयार होतो तो कधीच, कोणत्याही रात्री, रिंगणात उतरलेला नाही.

ही खोड जुनी आहे, आणि नेहमीच निरुपद्रवी नसते. जिम जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झाला होता. १९१० मध्ये त्याला परत आणलं, का, तर जॅक जॉन्सन हा काळा माणूस जगज्जेता झाला होता आणि ते गोऱ्या अमेरिकेला सोसवत नव्हतं. रेनो शहरात पंधराव्या फेरीत जेफ्रीज पडला. लगेच सुरू झालं, हा खरा जेफ्रीज नव्हताच, पाच वर्षांपूर्वीचा असता तर. त्या 'तर'मध्ये काय दडलेलं होतं ते सांगायला नको. लढतीनंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि माणसं मेली.

टायसनच्या 'तर'मध्येही एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. १९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या न्यायालयात ज्युरीने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. आरोप त्याने नेहमीच नाकारला, पण निकाल कायम राहिला आणि तीन वर्षं तो तुरुंगात होता. आता रसिकांची भाषा ऐका. "तुरुंगाने त्याची ऐन उमेदीची वर्षं हिरावली." हिरावली! एका तरुण मुलीची तक्रार, तिची साक्ष, सगळं कुठे गेलं? टायसनच्या कारकिर्दीच्या हिशेबात ते एक नैसर्गिक संकट झालं, गुडघा दुखावल्यासारखं. अलीच्या बाबतीत 'हिरावली' हा शब्द शोभतो. व्हिएतनामच्या लढाईला जायला त्याने नकार दिला, मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० तो रिंगणाबाहेर राहिला, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची शिक्षा रद्द केली. त्या साडेतीन वर्षांना आणि या तीन वर्षांना एकच क्रियापद लावायचं, ही तर्काची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

बरं, अलीच्या चाहत्यांतही अतिशयोक्ती कमी नाही, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. पण त्याची थोरवी त्याच्या पराभवांसकट उभी आहे. फ्रेझरने १९७१ मध्ये त्याला पाडलं आणि हरवलं, पुढे अलीने त्याला दोनदा हरवलं. नॉर्टनचंही तसंच. किन्शासात फोरमनपुढे तो उभा राहिला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि पायांतली जुनी चपळाई गेलेली होती. तिथे "भर ओसरली" ही सबब कोणी काढत नाही, कारण भर ओसरल्यावरच तो काय आहे ते कळलं. टायसनने ज्यांच्याकडून मार खाल्ला त्यांच्यातल्या एकालाही पुढे हरवलेलं नाही. होलीफील्डशी पुन्हा गाठ पडली तेव्हा कान चावून बाद झाला. हे सगळं वगळून जे उरतं ते १९८६ ते १९८९ ही तीन झगझगीत वर्षं. त्या तीन वर्षांना मी मनापासून मान देतो. कोणाचं शिखर किती उंच, हा एक प्रश्न आणि कोणाची कारकीर्द किती मोठी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहायचं नाही, इतकंच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा टायसन जेक पॉल नावाच्या यूट्यूबवाल्याशी आठ फेऱ्या खेळला आणि गुणांवर हरला. अठ्ठावन्न! जगभर लाखो लोक जागून बसले होते, त्यांतल्या कित्येकांना खात्री होती की एक पंच बसला की संपलं. हरल्यावर काय चर्चा झाली? त्याला मुद्दाम हरायला सांगितलं होतं. माळ्याला वीज लागत नाही ती अशी.

शेवटी तोक्योकडेच जाऊ, कारण अन्याय झाला तो तिथे. डग्लस आठव्या फेरीत पडला तेव्हा तो दहा सेकंदांहून जास्त जमिनीवर होता, हे खरं. पण बॉक्सर रेफ्रीची मोजणी बघून उठतो, घड्याळ बघून नव्हे, आणि रेफ्रीने दहा म्हणायच्या आत तो उभा होता. टायसनच्या कोपऱ्यात सूज उतरवायचं साधं साधन नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्याला लावत होते, हेही खरं. तो कोपरा निवडला कोणी? त्याहून बोलकी आहे ती गुणपत्रिका. नऊ फेऱ्यांनंतर एका पंचाकडे डग्लस ८८-८२ ने पुढे, दुसऱ्याकडे ८६-८६ बरोबरी, आणि तिसऱ्याकडे टायसन ८७-८६ ने पुढे! ती लढत आज नुसती पाहिली तरी हा तिसरा आकडा समजत नाही. त्या पंचाने रिंगणातला टायसन पाहिला नसावा, त्याच्या नावाचा टायसन पाहिला असावा.

म्हणून घरी जाऊन ती लढत पहिल्या फेरीपासून बघा, दहाव्यापासून नव्हे. पाच-सहा इंच उंच आणि हातांचा पल्ला फूटभर जास्त असलेला एक माणूस डावा जॅब कसा सरळ ठेवतो, टायसन आत शिरला की कसा मिठी मारतो, आणि जॅबमागून उजवा हात कधी सोडतो, ते मोजा. आठ महिन्यांनी हाच डग्लस होलीफील्डपुढे तिसऱ्या फेरीत आडवा झाला, म्हणून तोक्योतले त्याचे पंच कमी होत नाहीत.

चला, आता प्रश्न घेऊ. टायसनचे चाहते असतील त्यांनी आधी हात वर करावेत.